झाकलेलं 'नको'

आमच्या शाळेत त्यांना सगळे पाटीबाई म्हणत. विशेष मुलांच्या वर्गासाठी टॅबलेट आले, त्या वर्षी त्यांनी मुलांना सांगितलं, "ही तुमची बोलकी पाटी." ते नाव आधी टॅबलेटला चिकटलं आणि टॅबलेटवरून बाईंना. शिपाईमामा चेष्टेने म्हणायचे, मग सवयीने सगळेच म्हणायला लागले. मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापिकांना त्यांचं खरं नाव कागदावर बघून वाचावं लागलं.

भाषणं चांगली झाली. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, ती मी लिहितेय, आणि त्यांना विचारून लिहितेय.

"लिहा," त्या म्हणाल्या. "फक्त मला चांगली दाखवू नका."

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत शिवण शिकवायचे. त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाची, पाण्याच्या टाकीला लागून. खिडकीच्या खालच्या काचांना पांढरा रंग दिलेला, बाहेरच्या येण्याजाण्याने मुलांचं लक्ष उडू नये म्हणून. टेबलांचे कोपरे जाड फोमच्या पट्ट्यांनी गुंडाळलेले. त्या पट्ट्यांच्या खोळी मी शिवलेल्या, आणि टॅबलेटची जाड, पट्ट्याची कव्हरंही माझीच. रोज सकाळी पाटीबाई दाराशी यायच्या, किल्ली हातात धरून डोळे मिटायच्या, दोन-तीन श्वास तशाच उभ्या राहायच्या आणि मगच कुलूप उघडायच्या. काय म्हणत असायच्या, ते मी कधी विचारलं नाही. मीही मशीनला हात लावण्याआधी देवाचं नाव घेते, तेही कुणी विचारत नाही.

वर्गात मुलं सहा, मदतीला एक मावशी आणि पाट्या सहा. एका मुलाला अक्षरं काळ्यावर पिवळी आणि बोटभर उंचीची असली तरच दिसायची. एकीचे हात थरथरायचे, तिच्यासाठी बशीएवढं लाल बटण होतं, ते ती कोपराने दाबायची आणि पडद्यावरचं पान उलटायचं. एक मुलगी दिवसभर बोलायची, पण अक्षर म्हणून डोक्यात टिकायचं नाही. तिची पाटी तिला ओळ वाचून दाखवायची आणि वाचलेला शब्द रंगवायची. तिचं नाव वर्गाने रेडिओ ठेवलं होतं, आणि तिला ते फार आवडायचं.

आणि भिंगरी. नऊ वर्षांची, सडपातळ, मोठ्या कपाळाची. खूश झाली की जागच्या जागी गिरक्या घ्यायची, म्हणून तिच्या आईनेच ठेवलेलं हे नाव. भिंगरीला बोलता यायचं नाही. आजवर एक शब्द तोंडातून आला नव्हता.

तिच्या पाटीवर वीस चौकोन होते. प्रत्येकात एक चित्र, त्यावर बोट टेकलं की शब्द ऐकू यायचा. तो आवाज पाटीबाईंचा होता. दोन दुपारी माझ्या खोलीतली मशीनं बंद करून, पंखा बंद करून, घामाघूम होत त्यांनी ते वीस शब्द भरले. आई. बाई. पाणी. भूक. घरी. पुन्हा. झालं. बाकीचे शब्द पटापट झाले, 'नको'पाशी मात्र त्या अडल्या. सहा वेळा भरला आणि सहा वेळा पुसला.

"हा फार रागीट झाला. लहान मुलीला जरा मऊ नको लागेल."

"बाई, नको मऊ कसं असेल?"

"असतं की. तुमचे हे दुसऱ्यांदा चहा देतात आणि तुम्ही नको म्हणता, तसं."

"त्यांनी पहिल्यांदा तरी देऊ दे, मग म्हणते."

त्या हसल्या, आणि त्या हसण्याच्या शेवटी जो 'नको' निघाला, तोच पाटीत राहिला.

भिंगरीने तीन महिने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका सकाळी बाईंनी तिच्यासमोर रंगीत ठोकळे ठेवले आणि तिने आडवा पंजा काढलेल्या चौकोनावर बोट टेकलं. "नको." बाईंनी त्या क्षणी ठोकळे उचलले. भिंगरीने पाटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. मग उठली आणि तीन गिरक्या घेतल्या. तिची आई एका मोठ्या लॉंड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. संध्याकाळी न्यायला आली, तेव्हा बाईंनी तिला ते पुन्हा करून दाखवलं. तिने भिंतीला हात टेकवला.

"पहिला शब्द आईला नको म्हणायचा आला बघा," ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसली.

पण मग भिंगरी सगळ्यालाच नको म्हणायला लागली. वाचन नको, मोजणी नको, बूट नको, रांगेत उभं राहणं नको. एका सकाळी मावशींनी मोजले, एक्केचाळीस वेळा. बाई प्रत्येक वेळी ऐकायच्या. वर्ग पुढे सरकेना.

त्यातच तपासणी आली. पाट्या वर्षभरासाठी मिळालेल्या होत्या. समिती येणार, नोंदी बघणार, मुलं पुढे गेलेली दिसली तर पाट्या राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाणार. प्रत्येक पाटीत नोंद असते, कुठलं काम पूर्ण झालं, कुठलं अर्धं राहिलं. भिंगरीची सगळी अर्धी. मुख्याध्यापिका तिचा आलेख बघून म्हणाल्या, "ही रेघ जमिनीवर झोपलीय. हिच्यापायी लाल बटणवालीची पाटी गेली, तर तिच्या आईला काय सांगाल?"

त्या गेल्यावर मी कव्हरं द्यायला आत आले होते. बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. आणि मी म्हणाले, मीच म्हणाले, "ते एक चित्र काढून ठेवा की पंधरा दिवस. माझ्या वर्गातली लहान मुलगी कात्री दिसली की कात्रीच मागते, म्हणून मी कात्री उचलून ठेवते. त्यात काय एवढं?"

दोन दिवसांनी बाईंनी 'नको' झाकला. पाटीत तशी सोय असते, एक खूण काढली की तो चौकोन पांढरा होतो. आवाज नाही, चित्र नाही. बाकीचे एकोणीस आपापल्या जागी.

समिती आली, खूश होऊन गेली. भिंगरीची रेघ जमिनीवरून उठली होती. पाट्या राहिल्या. आणि पंधरा दिवसांचे पस्तीस झाले.

त्या विसरल्या असं मी एकदा कुणाजवळ म्हणाले, तर त्यांनी मला तिथेच थांबवलं. "विसरले नव्हते. रोज आठवायचं. वर्ग छान चालला होता, म्हणून उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले."

तेव्हा रोज पावणेअकराला ऐकण्याचा तास असायचा. मुलांच्या कानांवर हेडफोन लावायचे, पाटी गोष्ट सांगणार, मुलांनी चित्रं ओळखायची. भिंगरी त्या तासाला मनगट चावायला लागली. मग 'पाणी' दाबायची आणि दिलेलं पाणी ढकलून द्यायची. आम्हाला वाटलं, नवीन खोडी. मी त्या दिवशी तिथेच होते, एका कव्हरचा पट्टा उसवला होता तो टाचत होते. रेडिओ आपला हेडफोन काढून म्हणाली, "बाई, हिचं बटण मुकं झालंय."

"तू तुझी गोष्ट ऐक."

"पण ती दाबते आणि वाजतच नाही. तिथं, पांढऱ्यावर. दाबतेय बघा ना, बाई!"

"रेडिओ, बंद."

वर्ग हसला, मावशी हसल्या. मीही हसले, तोंडात टाचण्या होत्या तरी.

त्याच आठवड्यात गुरुवारी भिंगरीने पाटी जमिनीवर आपटली आणि तळहाताने स्वतःच्या डोक्यावर मारायला लागली. अंग तापलं होतं. आईला फोन गेला. दुसऱ्या दिवशी आई एकटीच आली, कामावर जाता जाता. कान पिकला होता, पडद्याला भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर तरी ठणकत असणार, सांगितलं नाही का हिने?

"मी म्हटलं, बोलत नाही ती," आई सांगत होती. "मग मलाच वाटलं, का बरं? पाटी आहे ना तिच्याकडे. तर बाई, सांगितलं कसं नाही हो तिने?"

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मुलं गेल्यावर बाईंनी मला हाक मारली. भिंगरीची पाटी त्यांच्या मांडीवर होती. पाटीच्या नोंदीत एक पान असं असतं, जिथे मुलाचं बोट पडद्यावर कुठे कुठे टेकलं त्याचे ठिपके दिसतात. ते कुणी उघडत नाही, कारण त्यातून गुण निघत नाहीत. एकोणीस चौकोनांत तुरळक ठिपके. आणि तो पांढरा चौकोन ठिपक्यांनी काळाकुट्ट झालेला. शाळेच्या सात दिवसांत दोनशे सोळा वेळा. बहुतेक सगळे पावणेअकरा ते सव्वाअकरा.

"हेडफोन," मी म्हणाले.

"मी लावायची. या हातांनी. दुखऱ्या कानावर नीट दाबून बसवायची, आणि वर डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, शहाणी गं माझी."

मला माझी कात्री आठवली. मी ते बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुचवलंत. झाकला मी." आणि त्यानंतर त्या वाटणीबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मुख्याध्यापिका काही वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या ते शहाणपणाचंच होतं. "कान तुमच्यामुळे पिकला का? नाही ना? मग आता सांगून काय होणार? ती तक्रार करेल, पाट्या जातील. बाकीच्या पाच जणांनी काय केलंय?"

"कान माझ्यामुळे नाही पिकला," पाटीबाई म्हणाल्या. "पण ती ओरडत होती आणि माझा हात तिच्या तोंडावर होता. हे तिच्या आईला कळायला नको?"

आम्ही दोघी लॉंड्रीत गेलो, आईच्या जेवणाच्या सुट्टीत. वाफेने भरलेली लांबलचक खोली, घडी केलेल्या चादरींचे खांद्याएवढे ढीग. ती मागच्या पायरीवर डबा उघडून बसली होती. बाई उभ्याउभ्याच सांगायला लागल्या, सगळं, झाकल्यापासून ठिपक्यांपर्यंत. समितीचं नाव पुढे केलं नाही, मुख्याध्यापिकांचं नाही, माझं तर नाहीच. मी मध्ये बोलायला गेले, तर माझा हात दाबला.

आईने डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे ती म्हणत होती."

"हो."

"आठ दिवस."

"हो."

"आणि तुम्ही तिला गोष्ट ऐकवत होतात."

बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि तिने ओरडावं असंच मला वाटत होतं.

"मला एक सांगू?" ती म्हणाली, पण आमच्याकडे न बघता. "ती घरीही महिनाभर हूं की चूं करत नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. मी शेजारणीला म्हटलं, माझी पोर सुधारली बघ. बरं वाटत होतं मला." मग ती आमच्याकडे वळली. "पोरगी गप्प झाली आणि आईला बरं वाटतंय! काय म्हणायचं अशा आईला?"

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. कुणी कुणाला धीर दिला नाही. भोंगा वाजला तेव्हा आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पाठवीन मी तिला. कान सुकला की. पण दोन गोष्टी. ते बटण कसं झाकतात ते मला शिकवा, म्हणजे पुन्हा कुणी झाकलं तर मला कळेल. आणि पाटी तिच्याबरोबर घरी येईल. जीभ काय शाळेत ठेवून येतं का कुणी?"

पाट्या शाळेबाहेर न्यायच्या नाहीत असा नियम होता. बाईंनी आपल्या सहीवर ती नेऊ दिली. समितीलाही त्यांनी पत्र लिहिलं, की तुम्ही पाहिलेला आलेख खरा नव्हता. पाट्या गेल्या नाहीत. बाईंना मात्र ताकीद आली, छापील कागदावर, तीन ओळींची. ती त्यांनी भिंगरीच्या फाइलला लावून ठेवली. माझ्या नावाने काहीच आलं नाही.

भिंगरी बारा दिवसांनी आली, कानात कापूस घालून. कान बहुतेक भरून येईल असं डॉक्टर म्हणाले होते. 'नको' आपल्या जागी परत होता, फक्त आता तो भिंगरीच्या मोठ्या बहिणीच्या आवाजात होता. ते बाईंनीच करून घेतलं. "इतके दिवस ती मला माझ्याच आवाजात नको म्हणत होती," त्या म्हणाल्या. बहिणीला त्या दिवशी सर्दी झालेली, म्हणून शब्द जरा नाकातून यायचा.

पण भिंगरीने पाटीला हात लावला नाही. हात मांडीखाली दाबून बसायची. पाटी पुढे केली की मान वळवायची. जे द्याल ते करायची, ठोकळे रचायची, बूट घालून घ्यायची, आणि गिरकी म्हणून एकही नाही. घरीही तेच. आई सकाळी सोडायला यायची, बाईंकडे बघायची, बाई मान हलवायच्या. नाही, अजून नाही.

बाईंनी दाराशी उभं राहणं सोडलं होतं. कुलूप काढायच्या आणि सरळ आत जायच्या. एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "रोज देवासमोर उभी राहून मागायची, मला या मुलांचं ऐकू येऊ दे. काय तोंडाने मागू आता?"

मग त्यांच्या वाटचंही मी मागायला लागले. आयुष्यात देवाकडे पुष्कळ 'हो' मागून झाले, पण या पोरीला एकदा नको म्हणू दे, असं मागणं पहिल्यांदाच.

रोज पावणेअकराला बाई हेडफोन घ्यायच्या, भिंगरीपासून हातभर लांब धरायच्या आणि विचारायच्या, "लावू?" मग थांबायच्या. हे थांबणं मी खिडकीच्या वरच्या काचेतून बघितलंय. पोळीला फोड येऊन पोळी उलटावी, इतका वेळ. त्यांचा हात अवघडायचा. भिंगरी हलायची नाही. मग बाई म्हणायच्या, "बरं, नाही लावत," आणि हेडफोन खणात ठेवायच्या.

मावशी एकदा कुरकुरल्या, "अहो बाई, ती काही म्हणतच नाही, तर लावून बघा की. कान बरा झालाय."

"ती काही म्हणत नाही म्हणजे नको, असंच धरायचं, मावशी. मला आता उलटं धरायचा अधिकार नाही."

असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी मी परकराची नाडी ओवत होते आणि भिंतीपलीकडून नाकातला आवाज आला. "नको."

माझ्या हातातून नाडी सुटली. मी व्हरांड्यात आले. बाईंनी हेडफोन टेबलावर ठेवले होते, उलटे करून. भिंगरी पाटीकडे बघत होती. मग तिने गोष्टीचं पुस्तक स्वतःच पुढे ओढलं, फक्त एवढ्यासाठी, की बाईंकडे बघून त्यालाही दाबता यावं. "नको." बाईंनी पुस्तक उचललं. तिने ठोकळ्यांचा डबा पुढे ओढला. "नको." बाईंनी डबा उचलला. मग तिने बाईंच्या फोटोचा चौकोन शोधला. "बाई." आणि बोट तसंच सरकवून, "नको."



बाईंनी डबा मावशींच्या हातात दिला आणि त्या वर्गाबाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, जिथे मुलांच्या आया शाळा सुटायची वाट बघत बसतात.

"बाहेर का आलात?" मी विचारलं, दिसत असूनही.

"मी नकोय तिला," त्या म्हणाल्या. श्वास लागला होता, जिना चढून आल्यासारखा.

आतून रेडिओने खिडकीशी स्टूल ओढल्याचा आवाज आला. वरच्या काचेत तिचा चेहरा उगवला. "बाई, मी तिला विचारलं, बाईंना बोलवू का आत?"

"मग?"

रेडिओने मागे वळून बघितलं, बराच वेळ. "दाबलं. अजून नको म्हणते."

"बरं. बसते मी. ती म्हणेल तेव्हा सांग."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तर बसेन."

रेडिओचा चेहरा खाली गेला. बाईंनी ओच्यातून वर्गाची किल्ली काढली, दोन्ही हातांत धरली आणि कितीतरी दिवसांनी डोळे मिटले. मी माझ्या खोलीत परत गेले, पण मशीन सुरू केलं नाही. आवाजाने काही ऐकू आलं नसतं.